नमुना क्रमांक सात

वरची चौकी, ३ सप्टेंबर

चिमणे,

आधी कामाचं, मग पाल्हाळ. हे पत्र हातात पडेल तेव्हा पत्र्याचा डबाही बसने आला असेल. आत सात नळ्या आणि सात काचा आहेत. सगळं रानबोकडांचं रक्त. आमच्या वनखात्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं तर वर्षभर कोपऱ्यात पडून राहतं, म्हणून गेल्या दोन वर्षांसारखंच तुझ्या गळ्यात मारतोय. हिमोग्लोबिन काढ आणि नेहमीच्या कागदावर लिहून पाठव. तुमच्या मोठ्या साहेबांनी भुवया उंचावल्या तर मामाचं नाव सांग आणि लाडीगोडी लाव, ते तुला बरं जमतं.

बोकड धरताना मजा आली. खालून खात्याची चार माणसं आली होती गळ्यात पट्टे बांधायला. पहिल्या दिवशी चौघंही डोकं धरून ओकत बसली. मी आणि खेचरवाला आपले जाळी ओढतोय. त्यातला एक मला म्हणाला, तुम्हाला इथे काहीच कसं होत नाही? म्हटलं, बाबा, बावीस वर्षं झाली. आता माझंही रक्त या बोकडांसारखंच झालं असणार.

बाकी इथे हिवाळ्याची लगबग सुरू आहे. आमचे कोठीवाले तुला आठवतात ना? शेपूट नसलेले, मुठीएवढे ससे. दिवसभर तोंडात गवताच्या काड्या धरून पळत असतात आणि दगडांच्या फटीत गंजी रचतात. हे झोपत नाहीत, बर्फाखाली जागे राहून साठा खातात. गंमत म्हणजे ते विषारी पानंही मुद्दाम आणतात. ताजं खाल्लं तर मरतील. पण त्या विषामुळे गंजीला बुरशी येत नाही, आणि चार महिन्यांत विष उतरलं की तेच पान खायला चांगलं. एवढ्याशा डोक्यात एवढी अक्कल, आणि आपण परीक्षा देत बसतो.

मीही त्यांचाच चेला. पंधरा सप्टेंबरनंतर तुझी जी पत्रं येतील ती नेहमीप्रमाणे न फोडता बिस्किटांच्या डब्यात जातील. खिंड बंद झाली की पंधरा दिवसांनी एक फोडायचं. त्यावर माझा हिवाळा निघतो. म्हणून आता लांबलचक लिही आणि चांगलं चांगलं लिही.

खेचरवाल्याच्या अजून चार फेऱ्या होतील. मग मार्चपर्यंत रामराम. वायरलेस जूनपासून मुका आहे, त्यामुळे त्याची वाट बघू नकोस. डोकं थोडं दुखतं, ते उन्हाने.

तुझा,
मामा

*

रक्त तपासणी विभाग, ९ सप्टेंबर

मामा,

तुझ्या डब्याने काल माझी झोप उडवली. सांगते, पण आधी तू बस. उभ्याने वाचू नकोस.

दुपारी तुझ्या नळ्या मशीनला लावल्या. एक ते सहा, सगळ्यांचा आकडा बारा-तेराच्या आसपास, गेल्या वर्षीसारखाच. एवढ्या उंचीवरचा प्राणी आणि रक्त जाड करतच नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं. मग सातवी लावली. तेवीस पूर्णांक चार. वाटलं मशीन बिघडलं. परत लावली, तेच. मग काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

मामा, बोकडाच्या रक्तपेशी किती बारीक असतात माहीत आहे? मोहरीच्या दाण्यासारख्या. माणसाच्या त्यापुढे वाटाणे. सातव्या काचेवर सगळे वाटाणे होते.

माझ्या डोक्यात पहिली गोष्ट कोणती आली असेल? की मी नळ्यांची अदलाबदल केली. म्हणजे वॉर्डातल्या कुणाचं तरी रक्त बोकड म्हणून नोंदलं आणि बोकडाचा कागद कुणा बाईच्या उशाशी गेला. त्या दिवशीच्या एकसष्ट नळ्या मी परत काढल्या. एकेक चिठ्ठी, एकेक काच. शिपायाला वॉर्डात तीनदा पाठवलं. तो म्हणाला, ताई, आज तुमचं काही खरं नाही. मोठे साहेब येऊन मागे उभे राहिले तरी मी तपासतच राहिले. एकसष्टच्या एकसष्ट बरोबर निघाल्या.

मग सातव्या नळीची चिठ्ठी नीट पाहिली. अक्षर तुझं. काचही तुझ्याच पद्धतीने ओढलेली, डाव्या कडेला जाड.

हे रक्त माणसाचं आहे आणि तुझ्याकडूनच आलं आहे. कुणाचं? ती चार माणसं दोन दिवसांची पाहुणी, त्यांचा आकडा एवढा चढणार नाही. वर कायम आहात दोनच माणसं, एक तू आणि एक येऊन-जाऊन असणारा खेचरवाला. पुरुषाचा आकडा एकवीसच्या वर गेला की तुमचं खातंच त्याला खाली आणतं, ते परत वर पाठवत नाहीत. हे तूच मला सांगितलं होतंस.

डोकं कधीपासून दुखतंय? झोप लागते का? ओठांचा रंग कसा आहे? आरशात बघून लिही, अंदाजाने नको. हे पत्र पंधराच्या आत पोचेल असा हिशेब करून आजच टाकतेय. तेव्हा हे कोठीत जाता कामा नये.

तुझी,
चिमणी

*

वरची चौकी, १५ सप्टेंबर

चिमणे,

मुदतीच्या दिवशीच पोचलं तुझं पत्र, म्हणून फोडलं. केवढा तो आरडाओरडा! एकसष्ट नळ्या! तुझ्या आईचाच स्वभाव. दुधावर साय धरली नाही तरी ती गवळ्याच्या घरी विचारपूस करायला जायची.

अगं, ते रक्त खेचरवाल्याचं. तो मागे लागला होता की माझंही तपासा, आणि खात्याला कळलं तर त्याचं काम जाईल. म्हणून बोकडांत ढकललं. तो घोड्यासारखा धडधाकट आहे. त्याला मी सांगेन काय ते. तू कुणाकडे बोलू नकोस आणि तो कागद फाडून टाक.

इथलं ऐक. खारीच्या कुळातले ते आपले लठ्ठोबा आठवतात ना? शिट्टीवाले मार्मोट आता बिळात उतरायला लागलेत. सगळं कुटुंब आत गेलं की शेवटचा जो असतो तो आतूनच मातीने आणि दगडांनी दार बंद करतो. मग सहा महिने काळीज मिनिटाला चार-पाच ठोक्यांवर.

गाद्यांची मोजणी चालू आहे. गादीसारख्या पसरलेल्या त्या झाडांत सगळ्यात जुनी आपली आत्याबाई, वय तीनशेच्या पुढे, गाडीच्या चाकाएवढी. काल दुपारी बाहेर चार अंश होतं आणि तिच्या पोटात थर्मामीटर खुपसला तर सोळा. त्या उबेला आठ जातींची रोपं आणि न मोजता येणारे किडे राहतात. वारा वरून निघून जातो, तिला पत्ताच नसतो. मान वर काढली नाही की या डोंगरावर काही होत नाही, हे तिच्याकडून शिकावं.

शिट्टीवाले मार्मोट आता बिळात उतरायला लागलेत. सगळं कुटुंब आत गेलं की शेवटचा जो असतो तो आतूनच मातीने आणि दगडांनी दार बंद करतो. मग सहा महिने काळीज मिनिटाला चार-पाच ठोक्यांवर.

चल, आता पुढची पत्रं डब्यात.

मामा

*

रक्त तपासणी विभाग, २२ सप्टेंबर

मामा,

एकच मजकूर तू एका पत्रात दोनदा लिहिलास. शब्दन् शब्द तोच. तुला कळलंही नाही. मी ते पत्र टेबलावर ठेवलं आणि दोन्ही ठिकाणी बोट ठेवून पुन्हा वाचलं. तू मला शाळेत असताना एक वेलांटी चुकली म्हणून पत्र परत पाठवलं होतंस.

मी कागद फाडला नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. नाव सांगितलं नाही, उंची सांगितली, वर्षं सांगितली. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, हे रक्त वाहत नाही, सरकतं. कुठेही अडकेल, मेंदूत, छातीत, डोळ्यात. डोकं दुखणं, विसरणं, हातापायाला मुंग्या, ही सुरुवात झाली असली तर दिवस मोजायचे. औषध एकच, खाली उतरणं. थोडं रक्त काढून टाकता येईल पण ते इथे, बिछान्यावर, डॉक्टरच्या हाताखाली. मी विचारलं, मार्चपर्यंत थांबलं तर? त्यांनी दुसऱ्या पेशंटला आत बोलावलं.

मला खेचरवाल्याची गोष्ट खरी वाटत नाही. खरी असली तर त्याला घेऊन ये, खोटी असली तर तू ये. दोन्हींत तू खिंडीच्या अलीकडे हवास.

पण हे तू वाचणार कधी? हेच कळत नाही. मी घाबरून पानं लिहायची आणि ती बिस्किटांच्या डब्यात जायची. म्हणून पाकिटावर लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आत्ताच फोड. पत्ता लिहायला जागा उरली नाही एवढं मोठं.

आईच्या वेळी टपाल उशिरा पोचलं. आईने सप्टेंबरात लिहिलं, तुला ते शेवटच्या फेरीत मिळालं आणि मागोमाग खिंड बंद झाली, आणि जानेवारीत ती गेली. त्यात तुझा काही दोष नव्हता. मी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. या वेळी मात्र टपाल वेळेवर आहे, मामा. मी स्वतः पेटीत टाकतेय.

खेचरवाल्याला वेगळी चिठ्ठी लिहिली आहे.

चिमणी

*

वरची चौकी, २ ऑक्टोबर

चिमणे,

तुझं लाल शाईचं पाकीट मिळालं. किती छान दिसतंय! डब्यात सगळ्यात वर ठेवलंय, झाकण उघडलं की तेच आधी दिसतं. याला अगदी शेवटी फोडणार. फेब्रुवारीत. काय लिहिलंय ते बघितलं नाही, बाहेरचंही नीट नाही, डोळ्यांसमोर हल्ली जाळी येते.

पहिला बर्फ पडला. लोकांना वाटतं बर्फाने जीव जातो. उलट आहे. बर्फ जाड पडला की खाली जमीन गोठत नाही, उंदीर, कोठीवाले, बिया सगळी त्या रजईत. बर्फ कमी पडतो त्या वर्षी मरतात. बोकड तेवढे उलट्या बुद्धीचे, ते हिवाळ्यात वर चढतात, धारेवर, कारण वारा तिथला बर्फ उडवून लावतो आणि सुकं गवत उघडं पडतं.

गाद्यांची मोजणी राहिली. दोरीची चौकट टाकली आणि मोजायला लागलो तर चाळीसच्या पुढे काय येतं ते आठवेना. बसलो तिथेच. मग परत आलो. झऱ्यापर्यंत जायला चार ठिकाणी टेकावं लागतं, वय झालं. उजव्या हाताची बोटं झोपलेली असतात, म्हणून अक्षर असं. मार्मोटसारखी. उन्हात उठतील.

तू काळजी करू नकोस. मी या डोंगराचाच आहे.

मा

*

पायथा, ४ ऑक्टोबर

ताईंना,

मी खेचरवाला. मला लिहिता येतं पण सवय नाही, चूकभूल पोटात घाला. तुमची चिठ्ठी मिळाली. साहेबांनी मला बजावलंय की खाली कुणाला काही सांगायचं नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

ते रक्त माझं नाही. मला सुईची भीती वाटते, मी आजवर कुणाला टोचू दिलेलं नाही. बोकड सहाच धरले होते, दोर मीच धरला होता. सातवं कुठून आलं ते मला तुमच्या चिठ्ठीवरून कळलं.

साहेबांचे ओठ निळे आहेत. नखंही. ऑगस्टात एकदा दारात पडले. मला म्हणाले, पाय घसरला. तिथे घसरण्यासारखं काही नाही. रात्री बसून झोपतात. माझं नाव अधूनमधून विसरतात आणि आधीच्या खेचरवाल्याचं घेतात. तो वारून दहा वर्षं झाली.

तुमचं लाल पाकीट मीच नेलं. त्यांच्या हातात देताना म्हटलं, साहेब, यावर काहीतरी घाईचं लिहिलंय. त्यांनी ते उलटं केलं आणि डब्यात टाकलं. मी परत म्हटलं तर चिडले. दहा वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा चिडले. ताई, त्यांना ते वाचायचं नव्हतं. मला वाटलं ते घाबरलेत.

एक फेरी उरली आहे, चौदा तारखेची. हवा राहिली तर. खिंडीत आत्ताच गुडघाभर बर्फ आहे. मी काय करू ते सांगा. सांगाल ते करीन.

तुमचा,
खेचरवाला

*

रक्त तपासणी विभाग, ९ ऑक्टोबर

दादा,

तुमचे उपकार कसे फेडू ते नंतर बघू. हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती देतेय, उद्या तुमच्या हातात पडेल. चौदाची वाट बघू नका, शक्य असेल तर लगेच निघा.

मागच्या पानावरचा मजकूर मामासाठी आहे. तो त्यांच्या हातात देऊ नका. त्यांच्यासमोर उभे राहा आणि मोठ्याने वाचा. चिडले तरी वाचा, कानावर हात ठेवले तरी वाचा. मग खेचरावर बसवा. नाही म्हणाले तर बांधा, मी नंतर त्यांच्या शिव्या खाईन. वाटेत बसतं ठेवा, पाणी पाजत राहा, कपडे सैल ठेवा. बोलणं अडखळलं किंवा तोंड एका बाजूला वाकडं झालं तर कुठेही मुक्काम करू नका, उतरत राहा.

तुमच्यावर फार मोठं ओझं टाकतेय. माझा जीव टांगणीला लागलाय, दुसरं कुणी नाही मला सांगायला.

मागचं पान:

मामा, सातवा नमुना तू आहेस. मला माहीत आहे. तू तो का पाठवलास तेही मला कळलं असं वाटतं. तुला बघायचं होतं की तू त्यांच्यातला झालास का.

नाही झालास. मी सातही काचा आज परत पाहिल्या. बोकडाचं रक्त पातळ आहे, शांत आहे. त्याला थोडी हवा पुरते, ती कशी धरून ठेवायची हे त्याच्या शंभर पिढ्यांना ठाऊक आहे. तुझ्या शरीराला नाही ठाऊक. ते तिथे पोचल्या दिवसापासून घाबरलेलं आहे. हवा कमी पडतेय म्हणून ते रक्त वाढवत गेलं, आणखी वाढवत गेलं, बावीस वर्षं थांबलंच नाही. तू हसतोस, थट्टा करतोस, पण तुझं रक्त घाबरलेलं आहे, मामा, आणि आता त्या भीतीनेच तू मरशील.

मीही घाबरलेय. सकाळी नळ्यांवर चिठ्ठ्या लावताना एकेक नाव तीनदा तपासते. आई गेली तेव्हा मी वीस वर्षांची होते, तेव्हा पुढे अख्खं आयुष्य होतं, कुणीतरी येईल असं वाटायचं. आता माझ्या बाजूचं तूच एक माणूस उरलास. तू गेलास तर मला चिमणी म्हणणारं कुणी नाही.

डोंगराला तुझी गरज नाही. आत्याबाई तीनशे वर्षं मोजणीशिवायच जगली. उठ आणि यांच्याबरोबर खाली ये.

*

मधलं गाव, दवाखान्याची खोली, ७ नोव्हेंबर

चिमणे,

अक्षर ओळखू आलं नसेल. डाव्या हाताने लिहितोय. उजवा अजून माझं ऐकत नाही. एक पान लिहायला दोन दिवस लागलेत, तेव्हा वेलांट्या मोजू नकोस.

खेचरवाला बारा तारखेलाच आला, कमरेएवढ्या बर्फातून. खेचर खिंडीच्या अलीकडेच बांधून ठेवलं आणि शेवटचा चढ पायी. दारात उभा राहून त्याने तुझं पान वाचलं. अडखळत, पाढे म्हटल्यासारखं. मी त्याला हाकललं. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिसऱ्यांदा सुरुवात केली. मग मी म्हटलं, चल.

खिंड ओलांडेपर्यंत त्याने मला पाठीवर घेतलं. उजवा हात आणि पाय खिंडीतच गेले. तोंडही वाकडं झालं होतं, तो सांगतो. मला आठवत नाही. मुक्काम करू नका असं तू लिहिलं होतंस म्हणून तो अठरा तास थांबला नाही. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली आहेत. ती वाचतील असं डॉक्टर म्हणतात. इथे माझं दोनदा रक्त काढलं. डोकं पहिल्यांदा मोकळं झालं, आणि मोकळं झालं म्हणून हे लिहावं लागतंय.

तुझ्या आईचं पत्र उशिरा आलं नव्हतं.

ते अठ्ठावीस सप्टेंबरला आलं. वेळेवर. खिंड उघडी होती. मी ते नेहमीप्रमाणे डब्यात टाकलं आणि एकवीस डिसेंबरला फोडलं. तिने लिहिलं होतं, दादा, पोटात गाठ आहे, तब्येत पार ढासळली आहे, एकदा येऊन जा, पोरीला धीर येईल. मी दारापर्यंत गेलो. बर्फ कौलांपर्यंत होता.

टपालाचं नाव मी घेतलं. तू ते खरं मानलंस. नऊ वर्षं.

त्यानंतरही मी पत्रं साठवत राहिलो. तू म्हणशील, का? मला पाकिटाची भीती बसली, चिमणे. डबा हे निमित्त होतं. कोठीवाल्यांच्या विषारी पानांसारखं मला वाटायचं, की पत्र ठेवलं की त्यातलं जे काही वाईट असेल ते उतरतं, आणि फोडेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तुझं लाल पाकीट हातात आलं तेव्हा मी ते मुद्दाम उलटं केलं. ते वाचलं तर उतरावं लागेल आणि उतरलो तर तुझ्यासमोर उभं राहावं लागेल, एवढं मला धडधडीत कळत होतं. त्यापेक्षा वरच संपलेलं बरं, असंही वाटलं.

डबा खेचरवाल्याने आणलाय. सगळी पाकिटं फोडली. लाल आधी.

सोबत एक नळी पाठवतोय, इथल्या नर्सने काढून दिली. चिठ्ठी मी लिहिली आहे, डाव्या हाताने.

नमुना क्रमांक आठ. माणूस. वय सत्तावन्न. घाबरलेला.

तुझ्या उत्तराची वाट बघतो. त्यात काहीही लिहिलेलं असलं तरी आल्या दिवशी फोडीन.

मामा

*

रक्त तपासणी विभाग, १५ नोव्हेंबर

मामा,

पत्र मिळून तीन दिवस झाले. पहिल्या दिवशी मी कामावर गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले आणि तुझी नळी तशीच स्टँडमध्ये ठेवली. आज लावली.

अठरा पूर्णांक नऊ. उतरतंय. पण हात-पाय परत येतील की नाही हे रक्त सांगत नाही, आणि दुसरा झटका येणार नाही असंही कुणी सांगत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून खाली आणा, इथे आणा.

आई शेवटच्या महिन्यात दार वाजलं की मान वळवायची. मी तिला सांगायचे, टपालाचा घोळ झालाय, मामाला मिळालंच नसेल. माझं ऐकून तिला बरं वाटायचं. तिला तुझा राग न येताच ती गेली. तो राग आता मला आलाय, तिच्या वाटचाही. तो लवकर जाईल असं मला वाटत नाही, आणि मी तो डब्यात ठेवणार नाहीये. तू इथे येशील तेव्हा तुझ्या समोर बसून सगळा बोलेन. तू ऐकायचंस.

तुला आणायला मी येतेय. शुक्रवारी सकाळी अकराच्या बसने तिथे उतरेन. दवाखान्यात येणार नाही. थांब्यावर उभी राहीन. खेचरवाल्याचा हात धर, काठी धर, कसाही ये, पण थांब्यापर्यंत तू ये.

तू तिथे दिसलास तर मला कळेल की हे पाकीट तू फोडलंस.

चिमणी